रस्त्यावर आलो म्हणजे चेहरा चॅनलच्या नावावर केला नाही

"सार्वजनिक ठिकाण आहे, इथे शूट करायला कुणाची परवानगी लागत नाही."

मंडळी, हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलंच असेल. सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर, तहसीलच्या आवारात, बँकेच्या रांगेत, एसटी स्टँडवर. बोलणाऱ्याच्या हातात बूम असतो, गळ्यात ओळखपत्र असतं, मागे कॅमेरा सुरू असतो. समोरचा माणूस बहुतेक वेळा इतका हबकलेला असतो की तो गप्प बसतो. ज्याचा पोरगा दहा मिनिटांपूर्वी गेलाय तो कायद्याचं कलम काय विचारणार?

वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून ते इतकं चालतं. रस्त्यावर कॅमेरा चालवायला प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याची परवानगी घ्यावी असा कायदा आपल्याकडे नाही, आणि नसलेलाच बरा. नाहीतर उद्या मोर्च्याचं शूटिंगही बंद होईल. पण या अर्ध्या खऱ्यावरून चॅनलवाले जी उडी मारतात ती साफ खोटी आहे. "तुम्ही लोकांना दिसत होतात, म्हणून आम्ही तुम्हाला दाखवलं." दिसणं आणि दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो. मी बाजारात भाजी घेताना शंभर लोकांना दिसतो, ते शंभर लोक पुढच्या वळणावर मला विसरतात. तेच दृश्य पट्टी लावून, संगीत टाकून, गोल करून, दिवसभर फिरवून राज्यभर दाखवलं की ते बाजारातलं दिसणं राहत नाही.

आपल्या समाजाला हा फरक कळत नव्हता असं तर मुळीच नाही. नदीघाटासारखी सार्वजनिक जागा दुसरी नसेल. आषाढीला चंद्रभागेत लाखो लोक आंघोळ करतात, बायाबापड्या ओलेत्याने वर येतात, तिथेच लुगडं बदलतात. बाजूने जाणारा वारकरी मान खाली घालून जातो. त्याला कुणी कायदा शिकवलेला नाही. जागा सगळ्यांची आहे म्हणून समोरची बाई सगळ्यांची झाली नाही, एवढं त्याला कळतं. मयतीच्या घरीही तेच. दार उघडं असतं, कुणीही येतं, पण रडणाऱ्या बाईच्या तोंडासमोर जाऊन "आता तुम्हाला कसं वाटतंय" असं विचारणाऱ्याला गावाने ओट्यावरून खाली उतरवलं असतं. आज तोच प्रश्न विचारणाऱ्याला 'ग्राउंड रिपोर्टिंग' केल्याची शाबासकी मिळते.

आता कायद्याचं बघू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आधारच्या वादातून निघालेलं हे प्रकरण, त्यामुळे बहुतेकांच्या डोक्यात ते बोटांचे ठसे आणि आधार कार्ड एवढ्यापुरतंच राहिलं. पण त्या निकालात आपल्या विषयाला थेट भिडणारी गोष्ट आहे: माणूस सार्वजनिक ठिकाणी आला एवढ्यावरून त्याचा खासगीपणा संपत नाही, कारण तो जागेला चिकटलेला नसून माणसाला चिकटलेला आहे, त्याच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. म्हणजे "पब्लिक प्लेस आहे" हे चॅनलवाल्यांचं हुकमाचं पान देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने तेव्हाच कापलंय.

मग अडतंय कुठे? मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचा असतो. समोर खासगी चॅनल असेल तर हातात नेमका असा साधा कायदा लागतो, आणि तिथे आपलं भांडं रिकामं आहे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करायला बंदी आहे, पूर्वी २२८अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. लहान मुलांसाठी पॉक्सोचं कलम २३ आहे. बाईचे चोरून खासगी क्षणांचे फोटो काढण्याविरुद्ध कलम ७७ आहे. एवढं सोडलं तर? अपघातात नवरा गमावलेली बाई, पोलिसांनी नुसतंच चौकशीला बोलावलेला पोरगा, कर्ज थकलं म्हणून बँकेच्या दारात अपमान झालेला शेतकरी, यांच्या चेहऱ्याचं कायद्यात कुठे नाव नाही. आपला फौजदारी कायदा उघड्या शरीराला ओळखतो, उघड्या पडलेल्या दुःखाला ओळखत नाही.

हे सगळं मी एकदम आज का लिहितोय, तर घरातलं उदाहरण आहे. माझी मावशी नाशिक जिल्ह्यातल्या एका गावात राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे यायला लागले तेव्हा आधार जोडणीसाठी बँकेत रांगा लागल्या होत्या, आठवत असेल. मावशी त्या रांगेत होती. एक कॅमेरावाला आला, रांगेचं शूटिंग केलं, "मावशी, इकडं बघा, हसा की" म्हणाला. मावशी हसली. संध्याकाळी बातमी लागली, 'बहिणींची गर्दी'. घरात सगळ्यांनी कौतुकाने पाहिली, तिच्या नातीने स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं.

पुढच्या वर्षी योजनेची छाननी सुरू झाली. अपात्र नावं, सरकारी नोकरीतल्या बायका, पुरुषांनी घेतलेले पैसे, अशा बातम्यांचा पूर आला. त्या बातम्यांना दाखवायला चित्र काय? याद्यांचं चित्र होत नाही. मग डेस्कवरच्या कुणीतरी जुनी फाइल उघडली आणि तीच रांग, तीच मावशी, तेच हसू, खाली लाल पट्टीत 'बोगस लाभार्थी'. चार सेकंद असेल. पण दर अर्ध्या तासाने चार सेकंद.

मावशीचे कागद पक्के आहेत. नियमात बसते, आजही तिला पंधराशे येतात. पण दुसऱ्या दिवशी दळण टाकायला गेली तर गिरणीत एकीने विचारलंच, "काय हो, तुमचं पण बोगस निघालं का?" चेष्टेत म्हणाली असेल. मावशी महिनाभर बचत गटाच्या बैठकीला गेली नाही. गटाचा हिशेब तिच्याकडे असतो, म्हणजे बायका पैसे ठेवायला देतात ते तिच्या शब्दावर. त्या शब्दालाच चार सेकंदांनी भोक पाडलं.

मी बातमीदाराला फोन लावला. बिचारा चांगला माणूस आहे. म्हणाला, "दादा, मी फक्त व्हिज्युअल पाठवलं होतं गेल्या वर्षी, ते कुठं लावलं मला काय माहीत." खोटं बोलत नव्हता. तालुक्याचा प्रतिनिधी बहुतेक ठिकाणी पगारी नसतो, बातमी लागेल तसे पैसे, ते पण कधी मिळतील त्याचा भरवसा नाही. पट्टीत कोणते शब्द येणार हे तो ठरवत नाही. मग ऑफिसला फोन केला. तिथून उत्तर आलं की कोपऱ्यात 'फाइल फुटेज' असं लिहिलेलं होतं, बघून घ्या. बघितलं. मुंगीएवढ्या अक्षरात होतं. गिरणीतल्या बाईने भिंग लावून टीव्ही बघावा अशी अपेक्षा असावी.

मावशीने परवानगी दिली होती का? हो, दिली होती. रांगेत उभी असल्याचं दाखवायला दिली होती. 'बोगस' म्हणून दाखवायला कुणी हसून परवानगी देतं का? एका कामासाठी दिलेला चेहरा दुसऱ्या कामाला वापरला, याला आपण व्यवहारात काय म्हणतो ते तुम्हीच ठरवा. शेजारी विळा मागायला आला आणि त्याने तो विकून टाकला, तर आपण 'फाइल विळा' म्हणून सोडून देतो का?

हा प्रश्न जगात पहिल्यांदा आपल्याला पडलेला नाही. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात ब्रेंटवुड नावाचं गाव आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये एका रात्री तिथला एक माणूस, नैराश्याने पिचलेला, हातात सुरी घेऊन हमरस्त्यावर फिरत होता. त्याने स्वतःची मनगटं कापून घेतली. नगरपालिकेच्या सीसीटीव्हीवर सुरीसह तो दिसला, पोलीस धावले, त्याचा जीव वाचला. कॅमेऱ्याने जीव वाचवला, इथपर्यंत उत्तमच. पण नगरपालिकेला आपल्या कॅमेऱ्यांची टिमकी वाजवायची होती. त्यांनी ते चित्रण प्रसिद्धीला दिलं. स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं, प्रादेशिक वाहिनीवर लागलं, पुढे बीबीसीच्या कार्यक्रमात आलं. चेहरा झाकायचं ठरलं होतं, नीट झाकला नाही. ओळखीच्या लोकांनी त्याला ओळखलं.

तो इंग्लंडच्या कोर्टात गेला, हरला. मग स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेला. तिथे ब्रिटिश सरकारने आपल्या बूमवाल्यांसारखाच मुद्दा मांडला की बाबा, तू तर भर रस्त्यात होतास. कोर्टाने २८ जानेवारी २००३ रोजी तो फेटाळला. रस्त्यावरच्या वाटसरूला तो दिसला असता तेवढंच त्याला अपेक्षित असू शकतं. त्या क्षणाचं जे प्रदर्शन झालं ते त्याच्या कितीतरी पलीकडचं होतं. ना तो कुठल्या सार्वजनिक कार्यक्रमाला आला होता, ना तो सार्वजनिक व्यक्ती होता. चेहरा नीट झाकता आला असता, त्याची संमती विचारता आली असती, दोन्ही केलं नाही. निकाल त्याच्या बाजूने लागला. चंद्रभागेकाठचा वारकरी जे न शिकता पाळतो तेच स्ट्रासबर्गच्या न्यायाधीशांनी लिहून काढलं.

आता कुणी म्हणेल, इथे रोज हजार बातम्या जातात, प्रत्येक चेहरा झाकत बसायचं का? मंडळी, झाकता येतो. जिथे कायद्याची भीती आहे तिथे आपोआप झाकला जातो. २०१८ मध्ये कठुआच्या लहान मुलीची ओळख उघड केली म्हणून दिल्ली हायकोर्टाने माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख भरायला लावले. चेहरा धूसर करायचं बटण सगळ्यांकडे आहे. ते कुणासाठी दाबायचं हा प्रश्न आहे.

आणि ते कुणासाठी दाबलं जातं बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट आपल्या घरात बसलेली असताना शेजारच्या इमारतीवरून तिचे फोटो काढले गेले. तिने इन्स्टाग्रामवर मुंबई पोलिसांना टॅग करून जाब विचारला, देशभर गदारोळ झाला, फोटो उतरवले गेले. व्हायलाच पाहिजे होतं, तिची बाजू शंभर टक्के बरोबर होती. पण मावशीला इन्स्टाग्राम नाही. याच मुंबई हायकोर्टाने २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाला आणि २०२५ मध्ये आशाताई भोसले यांच्या आवाजाला, नावाला, प्रतिमेला संरक्षण दिलं, एआयवाल्यांना चाप लावला. तेही योग्यच. मात्र त्यातलं तर्कशास्त्र जरा नीट बघा. ज्याच्या चेहऱ्याला बाजारात भाव आहे त्याचा चेहरा ही मालमत्ता, तिचं नुकसान रुपयांत मोजता येतं, म्हणून कोर्टात मोठा वकील उभा राहतो. ज्याच्या चेहऱ्याला भावच नाही तो चेहरा गायरान. कुणीही यावं, चरून जावं.

सगळ्यात वाईट प्रकार मात्र कॅफेच्या छाप्याचा. आपल्या जिल्ह्यात, शेजारच्या जिल्ह्यात, सगळीकडे चाललंय. पोलीस येतात, सोबत दोन-तीन बूम येतात. काही ठिकाणी तर बूम आधी आणि पोलीस मागून. आत कॉलेजची पोरंपोरी. छोट्या कप्प्यात बसून कॉफी पिणं, हात धरणं, फार तर गळ्यात पडणं, सज्ञान असतील तर यातलं एकही गुन्हा नाही. कॅफेने परवाना मोडला असेल तर मालकावर कारवाई करा, कुणी अल्पवयीन असेल तर त्याचे वेगळे नियम आहेत, आणि ते तर कॅमेरा आणखी दूर ठेवायला सांगतात. पण कॅमेरा मालकाकडे वळत नाही. तो ओढणीत तोंड लपवणाऱ्या मुलीच्या मागे पायऱ्यांवरून खाली धावतो. वर थंबनेल काय, तर 'तोंड लपवून पळाल्या तरुणी'. अहो, तोंड लपवतेय म्हणजेच ती नाही म्हणतेय! याहून स्पष्ट नकार कुठल्या भाषेत द्यायचा?

त्या पोरीचं पुढे काय होतं ते मला विचारू नका, तुम्हाला माहीत आहे. कॉलेज बंद. फोन काढून घेतला जातो. तीन महिन्यांत कुठेतरी उरकून टाकतात. बापाने पोटाला चिमटा घेऊन तिला तालुक्याला ठेवलेलं असतं, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष असतं. त्या व्हिडिओला दोन लाख व्ह्यूज मिळतात आणि पोर्टलवाला त्यावर गाईड-क्लासची जाहिरात मिळवतो.

ऑगस्ट २०१५ ला मुंबईत मढ-आक्साच्या हॉटेलांवर पोलिसांनी असाच छापा घातला होता. हॉटेलच्या खोल्यांत असलेल्या जोडप्यांना बाहेर काढून पोलीस कायद्याच्या कलम ११० खाली दंड केला. ते कलम कशाचं, तर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं. म्हणजे बघा, कडी लावलेली खोली पोलिसांच्या लेखी सार्वजनिक, आणि रस्ता तर कॅमेऱ्याच्या लेखी सार्वजनिक आहेच. मग साध्या माणसाने खासगी राहायचं कुठे, विहिरीत?

पोलिसांना हे करायची मोकळीक आहे असंही नाही. १ एप्रिल २०१० लाच केंद्रीय गृहखात्याने सूचनापत्र काढून पोलिसांना सांगितलंय की पकडलेल्या माणसाची माध्यमांसमोर वरात काढू नका. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची सविस्तर नियमावली करा असा आदेश दिला. तो खटला पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र शासन, म्हणजे आपल्याच राज्याच्या नावाचा. तरी आपल्याकडे आरोपी अजून बुरखा घालून रांगेत उभा केला जातो, साहेब मध्ये खुर्चीवर, पुढे टेबलावर जप्तीचा माल आणि समोर बूमची माळ. हा सोहळा साहेबांना हवा असतो आणि चॅनलला फुकट चित्र मिळतं. दोघांची गरज भागते.

२०२० विसरलात का? बॅलार्ड इस्टेटला अमली पदार्थ विभागाच्या कार्यालयाबाहेर रिया चक्रवर्तीला कॅमेऱ्यांनी कसं घेरलं होतं, तेही कोरोनाच्या ऐन भरात, सहा फुटांचं अंतर शिकवणाऱ्या त्याच चॅनलांनी? तिच्या इमारतीत पार्सल घेऊन आलेल्या पोऱ्यालाही सोडलं नाही, त्याच्यामागे बूम घेऊन धावले. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्या सगळ्या वार्तांकनावर कडक ताशेरे ओढले. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. ज्यांनी तिला रात्री नऊच्या चर्चेत दोषी ठरवलं होतं त्यांनी ती बातमी किती मिनिटं चालवली ते आठवून बघा. त्याच हायकोर्टाच्या निकालावरून चॅनलांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली, तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये सरन्यायाधीशांनी विचारलं की एक लाखाच्या दंडाने कुणाला काय फरक पडतो? एक लाख. चॅनलांनी स्वतःच स्वतःसाठी ठरवलेली शिक्षा आहे ती. दहा सेकंदांच्या जाहिरातींच्या दोन-चार फेऱ्यांत सुटत असेल.

आता माझे पत्रकार मित्र चिडतील. काही खरोखर चांगले आहेत, म्हणून त्यांच्या आक्षेपाला उत्तर देतो. ते म्हणतील, असा कायदा आला की पहिला तो पुढारी आणि ठेकेदारच वापरतील, आमचं तोंड बंद करायला. भीती रास्त आहे. 'खासगीपणा' हा शब्द सरकारला कधी आठवतो बघा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(ञ) लाच हात घातला, वैयक्तिक माहिती म्हटलं की दार लावायची सोय करून ठेवली. अधिकाऱ्याच्या कागदाला पडदा आणि मावशीच्या चेहऱ्याला चव्हाटा, हा यांचा खासगीपणा. म्हणूनच डिजिटल माध्यमांवरची सरकारी आचारसंहिता लादणाऱ्या नियमांना ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने स्थगिती दिली, त्यासाठी निखिल वागळे कोर्टात गेले होते, तेव्हा मला आनंदच झाला होता. सरकारच्या हातात चाबूक द्या असं मी म्हणतच नाही.

मी म्हणतोय ते साधं आहे. खुर्चीवर बसलेला माणूस आणि खुर्चीसमोर उभा असलेला माणूस यांना एका मापाने मोजू नका. मंत्री, आमदार, कलेक्टर, फौजदार, ठेकेदार सार्वजनिक काम करत असेल तेव्हा बिनधास्त शूट करा, त्याने हात आडवा घातला तर हातही दाखवा. वर्ध्याच्या प्रकरणात नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलीस ठाणं हे सरकारी गुपितं कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही, तिथे व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. हा निकाल प्रत्येकाने पाठ करून ठेवावा. गंमत अशी की ठाण्यात साहेबांचा व्हिडिओ काढणाऱ्या सामान्य माणसाचा मोबाईल आजही हिसकावला जातो, आणि कॅफेतल्या मुलीचा व्हिडिओ काढणाऱ्याला साहेब स्वतः वाट करून देतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दुःख दाखवलं नाही तर सरकार हलत नाही, असं म्हणतात. खरंय, हलत नाही. पण दुःख दाखवायला दुःखी माणसाच्या नाकात बूम खुपसावा लागतो हे कुणी सांगितलं? ८ मे २०२० ची पहाट आठवा. औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्या दिवशी देशाच्या काळजात घुसलेलं चित्र कुठलं होतं? रुळांवर विखुरलेल्या पोळ्या आणि चपला. एकही चेहरा त्यात नव्हता. कुणाच्या बायकोला गावाकडून फोनवर रडवावं लागलं नव्हतं. लॉकडाऊनने गरिबाचं काय केलं ते त्या पोळ्यांनी सांगून टाकलं. तो फोटो काढणाऱ्याला बातमी कळत होती.

आणि नियम पाळून चॅनलं मरत नाहीत, हेही सिद्ध झालंय. २६/११ ला ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊसची कारवाई थेट दाखवली गेली, त्यावर सुप्रीम कोर्टाने कसाबच्या निकालात, २०१२ मध्ये, कडक शब्दांत झापलं. पुढे २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला केबल नियमांतच बंदी आली. लोकशाही बुडाली का? मग शवागाराच्या दारापासून पन्नास फूट लांब थांबा म्हटलं तर लगेच अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा गळा कसा आवळला जातो?

तर करायचं काय. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर हातात आहे ते वापरू, ते आपण वापरतच नाही. समोर बूम आला आणि तुम्हाला बोलायचं नसेल तर तोंड लपवून पळू नका, त्याचंच ते थंबनेल करतात. कॅमेऱ्यात बघून मोठ्याने सांगा, "माझी परवानगी नाही, माझा चेहरा दाखवू नका." शक्य असेल तर सोबतच्याने हे आपल्या मोबाईलवर घ्यावं. तरी दाखवलं तर तारीख, वेळ, चॅनलचं नाव लिहून ठेवा आणि आठवड्याच्या आत चॅनलच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग त्यांना ९० दिवस जपून ठेवावं लागतं, म्हणजे "आमच्याकडे नाही" हे उत्तर चालत नाही. २०२१ च्या सुधारित केबल नियमांप्रमाणे पंधरा दिवसांत निकाल द्यायचा असतो. नाही दिला, किंवा तोंडाला पानं पुसली, तर पुढच्या पंधरा दिवसांत ते ज्या स्वयंनियामक संस्थेचे सदस्य आहेत तिथे अपील, आणि तिथेही नाही जमलं तर केंद्र सरकारच्या पातळीवर. गावातल्या केबल चॅनलने केलं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्या, केबल कायद्यात ते अधिकृत अधिकारी आहेत. एका अर्जाने काही होत नाही हे मलाही कळतं. पण एका तालुक्यातून चाळीस अर्ज गेले की डेस्कवर बसलेला माणूस जुनी फाइल उघडताना जरा थबकतो.

आपल्या तालुक्यापुरत्या दोन गोष्टी मी येत्या सोमवारी लेखी मागणार आहे. सिव्हिल सर्जनकडे एक, की शवागार आणि अपघात विभागाच्या दारात कॅमेरा येऊ देऊ नका, माहिती द्यायला दिवसातून एकदा अधिकारी बाहेर येईल अशी व्यवस्था करा. आणि पोलीस उपअधीक्षकांकडे दुसरी, की छाप्याला जाताना गाडीत बूम नेऊ नका आणि कॅफेतून बाहेर काढलेल्या कुठल्याही मुला-मुलीचं शूटिंग होऊ देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव ठाणे डायरीत लिहा. दुपारी बारा वाजता आधी सिव्हिल, मग उपअधीक्षक कार्यालय. सोबत येणाऱ्यांनी सह्यांसाठी अर्धा तास आधी यावं. पत्रकार मित्रांनीही यावं, बूम घेऊन आलात तरी हरकत नाही, आम्ही स्वतःहून बोलणार आहोत. मावशीच्या तक्रारीचा मराठी मसुदा माझ्याकडे तयार आहे, ज्यांना हवा त्यांनी मेसेज करा, नाव आणि तारीख बदलून वापरता येईल असा ठेवलाय.